जिप्सी उचलली, काही महिन्यांत परत बसली: पाटे, शॅकल आणि प्रोपेलरचा तिढा

कोल्हापूर भागात जिप्सी बाळगणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. गाडी उचलून घेतली, सुरुवातीला रुबाबात उभी राहिली. मग हळूहळू ड्रायव्हरच्या बाजूला कलली, मागून बसली आणि काटा पन्नासच्या पुढं गेला की खालून घुमायला लागली. मालक परत गॅरेजला जातो. तिथं एक पाटा (स्प्रिंगची वाकवलेली पोलादी पट्टी) वाढतो, नाहीतर शॅकल (पाट्याचं एक टोक चासीला लोंबतं जोडणारी पट्टी) अजून लांब होते. गाडी पुन्हा उभी राहते आणि गळीत हंगाम संपेपर्यंत पुन्हा बसते. दरवेळचा खर्च थोडाथोडका असतो म्हणून टोचत नाही. पण तीन-चार वेळचा एकत्र मांडला, तर तेवढ्यात चांगल्या पाट्यांचा संच आला असता.

लिफ्ट, म्हणजे गाडीची वाढवलेली उंची, कमी पडली म्हणून गाडी बसते असं बहुतेकांना वाटतं. खरं तर ती लिफ्ट थकलेल्या पाट्यांवर आणि फाटलेल्या बुशांवर (पाट्यांच्या टोकांतल्या रबरांवर) चढवलेली असते. खिशात मोजकेच पैसे असतील तर पहिला रुपया गाडीची कंपनीतून आलेली उंची परत मिळवण्यात जावा. त्यावर इंच-दीड इंच मिळाला तरी आपल्याकडच्या रस्त्यांना तो पुरतो.

हे सगळं मारुती जिप्सीबद्दल आहे. 1985 च्या अखेरीस आलेली 970 सीसीची जुनी असो किंवा 1996 पासूनची 1298 सीसीची किंग असो, खालची रचना तीच: चारही चाकांना पाटे, पुढं-मागं अखंड एक्सल (दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा), आणि पाटे एक्सलच्या खालून गेलेले. नवी जिम्नी कॉइल स्प्रिंगवर उभी असते, तिला यातलं फारसं लागू नाही.

आधी बघा, नेमकं काय घासतंय

आपल्याकडं गाडी उचलायची गरज बहुतेकांना पाणंदीतच पडते. ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाणंदीत खोल चाकोऱ्या पडतात आणि मधला वरंबा तसाच राहतो. राधानगरी, गगनबावडा, शाहूवाडीकडं गेलं की वरंब्याऐवजी जांभ्याचे दगड असतात. दोन्हीकडं खालून काहीतरी घासतं, पण दोन्हीकडं तेच घासत नाही.

म्हणून खर्चाआधी एक काम करा. चुना पाण्यात दाटसर कालवून पुढच्या-मागच्या डिफरन्शियलच्या (एक्सलच्या अंगावरचा फुगीर गोळा) पोटाला, यू-बोल्टच्या (पाटा एक्सलला बांधणारे बोल्ट) खालच्या प्लेटांना, ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांना चाल वाटणारी पेटी) आणि सायलेन्सरला फासा. वाळू द्या. मग जिथं त्रास होतो त्या पाणंदीतून सावकाश गाडी काढा आणि खाली वाकून बघा, चुना कुठं पुसला गेलाय.

डिफरन्शियलचाच पुसला असेल तर पाटे-शॅकल उंच करून काहीच उपयोग नाही. एक्सल चाकाला बांधलेला आहे. जिप्सीचं 210 मिमी ग्राउंड क्लिअरन्स डिफरन्शियलच्या खाली मोजलेलं आहे आणि ते फक्त मोठ्या टायरनं वाढतं. किंगचा 205/70 आर 15 टायर साधारण 668 मिमी उंच असतो. 215/75 आर 15 घातला तर 703 मिमी, म्हणजे डिफरन्शियलखाली जेमतेम 18 मिमी वाढले. 235/75 आर 15 घातला तर 33 मिमी. पाटे उचलायचे ते या टायरला जागा करण्यासाठी आणि बॉडी, ट्रान्सफर केस, सायलेन्सर वर नेण्यासाठी. हा फरक ध्यानात न घेता तीन इंच लिफ्ट मारून घेतलेल्या गाड्या त्याच वरंब्यावर, त्याच डिफरन्शियलवर अडकलेल्या दिसतात.

यू-बोल्टच्या टोकांवरचा चुना पुसला असेल तर इलाज फुकटात होतो. पाटे एक्सलखाली असल्यामुळं नट आणि बोल्टचे वाढीव आटे सगळ्यात खाली लोंबतात. नटाच्या खाली दोन-तीन आटे ठेवून उरलेलं कापून टाका.

किती बसलीय ते मोजा

जमिनीपासून बंपरपर्यंत मोजलेल्या मापाला अर्थ नसतो, कारण त्यात टायरची हवा आणि झीज दोन्ही येतात. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. गाडी सपाट फरशीवर, चारही चाकांत सारखी हवा, मागं सामान नाही. मोजण्याआधी चारही कोपरे दाबून सोडा आणि गाडी हातभर पुढं-मागं ढकला, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतात. चार आकडे वहीत लिहून ठेवा. पुढं प्रत्येक कामानंतर हेच चार आकडे लागणार आहेत.

डावी-उजवी बाजू 10 मिमीपेक्षा जास्त वेगळी आली तर पुढच्या जोडीतला उजवा पाटा डाव्या बाजूला आणि डावा उजव्या बाजूला घालून बघा. दोन्ही एकाच जातीचे हवेत, म्हणजे पाट्यांची संख्या आणि जाडी सारखी. कल दुसऱ्या बाजूला गेला तर दोष पाट्यात आहे. कल तिथंच राहिला तर बुश, शॅकल नाहीतर चासीचा ब्रॅकेट तपासायचा. जिप्सी बऱ्याच वेळा एकटा माणूस चालवतो, त्यामुळं उजवी बाजू आधी दमते. नुसती अदलाबदल करूनही काही गाड्या वर्ष-दोन वर्षं सरळ उभ्या राहतात. मजुरीपलीकडं खर्च नाही.

पाटे: एक जाड पाटा घालण्याचा मोह

शाहूवाडीकडची एक जिप्सी बघण्यात आली होती. रोज पहाटे मागं दुधाचे कॅन, परतीला वैरण. मागून बसते म्हणून मूळ पातळ पाट्यांच्या खाली दुसऱ्या जीपचा एक जाड पाटा कापून घातलेला. संच सोडून पाटे फरशीवर ओळीनं मांडले तेव्हा सगळी गोष्ट डोळ्यांपुढं आली. पातळ पाट्यांवर टोकापासून टोकापर्यंत तांबडा गंज होता, कुठं घासल्याची खूणच नाही. जाड पाट्याची दोन टोकं मात्र आरशासारखी चकाकत होती, आणि त्यांच्या बरोबर वर, दुसऱ्या नंबरच्या पाट्यात आडवी चीर गेलेली. भार सगळ्या पाट्यांत वाटला जायचा तो त्या दोन टोकांवर एकवटला होता. अजून काही दिवसांत तो पाटा तुटला असता, आणि त्या वाटेवर घाट आहे.

पाटा वाढवायचाच तर तो बाकीच्यांच्या जाडीचा, त्याच रुंदीचा आणि थोडी जास्त कमान असलेला हवा. टोकं ग्राइंडरनं गोल आणि उतरती केलेली असावीत, कोपरा राहिला की वरच्या पाट्यात खाच पडते. संच जाड झाला म्हणजे सेंटर बोल्ट (सगळे पाटे मधोमध एकत्र धरणारा) लांब लागतो आणि यू-बोल्टही. जुने यू-बोल्ट ओढूनताणून बसवू नका. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढा आवळून राहत नाही, सैल पडतो, मग सेंटर बोल्टवर ताण येऊन तो तुटतो आणि एक्सल पाट्यावरून मागं-पुढं सरकतो. गाडी तिरकी चालते, लोक अलाइनमेंट करत बसतात.

दुसरा मार्ग म्हणजे आहे त्याच पाट्यांची कमान वाढवून घेणं. हायवेच्या कडेला ट्रकचे पाटे करणारे हे काम करतात आणि ते स्वस्त पडतं. इथं मात्र विचारूनच काम द्या. नुसतं थंड ठोकून वाढवलेली कमान बहुतेक वेळा काही महिन्यांत उतरते, आणि ज्या "परत बसते"च्या तक्रारीपासून आपण सुरुवात केली तिचं हेच एक मोठं कारण आहे. भट्टीत लाल करून वाकवलेला आणि तसाच हवेवर गार होऊ दिलेला पाटा त्याहून वाईट, कारण त्यातला स्प्रिंगपणाच जातो. स्प्रिंगच्या पोलादाला तापवून, तेलात बुडवून, मग पुन्हा मध्यम तापवून पाणी द्यावं लागतं. लोहार कोयत्याला पाणी देतो, त्याच कारणासाठी. ज्या ठिकाणी ही तिन्ही कामं होतात तिथंच कमान वाढवून घ्या. "तेलात बुडवून परत तापवता का?" एवढा एक प्रश्न विचारला की कारागीर कसा आहे ते कळतं.

तिसरा मार्ग मला सगळ्यात पटतो: मागणी नसल्यामुळं पडून असलेला, कमी वापराचा मूळ संच शोधणं. जिप्सी लष्करात आणि पोलिसांत मोठ्या संख्येनं होत्या, त्यामुळं भंगारात सुटे पाटे मिळतात. घेताना दोन संच शेजारी उभे करून कमान जुळते का बघा, मुख्य पाट्याचा डोळा (टोकाला वळवलेलं भोक) गोल आहे का बघा आणि सगळे पाटे वायर ब्रशनं घासून चीर तपासा. चांगला मूळ संच बसवला की थकलेल्या गाडीला कंपनीच्याच मापात येताना सहज इंचभर उंची मिळते. ही उंची टिकते, कारण ती पोलादातली आहे.

बसवण्याआधी प्रत्येक पाटा घासून, मधे ग्राफाइट ग्रीस लावून संच बांधा. गंजलेले पाटे एकमेकांवर सरकत नाहीत. गाडी कडक लागते आणि मालकाला वाटतं पाटे मजबूत आहेत.

बुश: इथंच निम्मी कामं वाया जातात

लिफ्टच्या कामात सगळ्यात कमी किमतीची आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित वस्तू म्हणजे पाट्याच्या डोळ्यातले रबरी बुश. चारही पाट्यांचे नवे बुश आणि नवे यू-बोल्ट मिळून एका नव्या टायरपेक्षा कमी पैसे लागतात. तरीही जुनेच बुश परत घातले जातात.

नवे घातले तरी ते लवकर का फाटतात, याचं कारण आवळण्याच्या पद्धतीत आहे. गाडी जॅकवर असते, चाकं लोंबत असतात, पाटे सुटून खाली वळलेले असतात. मेकॅनिक तिथंच पाट्याचे आणि शॅकलचे बोल्ट पूर्ण आवळतो. रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं. मग गाडी खाली सोडली की पाटा सरळ होतो आणि रबराला पीळ बसतो. उभ्या गाडीतसुद्धा तो पीळ सुटत नाही. प्रत्येक खड्ड्यात तो वाढतो आणि थोड्याच दिवसांत रबर आतल्या नळीपासून सुटतं. पाटा डोळ्यात खटखटायला लागतो आणि गाडी काही मिलिमीटर खाली येते.

म्हणून बोल्ट हातानं अडकेपर्यंतच घाला, गाडी चाकांवर उतरवा, चारही कोपरे दाबून हलवा, आणि मग पाना लावून पूर्ण आवळा. खाली आडवं पडून पाना फिरवायला जागा कमी असते म्हणून मेकॅनिकला ते कंटाळवाणं वाटतं. शेजारी उभं राहून हे करून घ्या. यू-बोल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा आवळा. नव्या संचातले पाटे एकमेकांत बसतात तशी त्यांची पकड सैल होते.

अजून एक सवय सोडायला हवी. पावसाळ्याआधी वॉशिंग सेंटरला गाडीखालून डिझेल किंवा जळकं ऑइल मारून घेतात, गंज लागू नये म्हणून. पत्र्याला ते ठीक असेल. नैसर्गिक रबराचे बुश त्यानं फुगतात, मऊ पडतात आणि लगदा होतात. ट्रान्सफर केसच्या रबरांचंही तेच. मारायचंच असेल तर रबरांवर प्लास्टिकची पिशवी बांधून मारायला सांगा.

शॅकल: किती लांब

शॅकल पट्टी लांब करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फ्लॅट पट्टी कापून, छिद्रं पाडून तासाभरात मिळते. हिशेब मात्र समजून घ्या. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असते, त्यामुळं 40 मिमी लांब केली तर गाडी साधारण 20 मिमीच उठते. जास्त उंचीच्या हव्यासानं पट्ट्या लांबत जातात आणि गाडी वळणावर आडवी डोलायला लागते. मूळ मापापेक्षा दीड-दोन इंचांपुढं लांबी नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दोन्ही पट्ट्या एकावर एक धरून एकदम ड्रिल करायला सांगा, म्हणजे छिद्रं तंतोतंत जुळतात. गॅसनं छिद्र पाडलेली पट्टी घेऊ नका. छिद्र वेडंवाकडं होतं आणि तिथूनच चीर सुरू होते. दोन पट्ट्यांच्या मधे एक आडवा तुकडा वेल्ड करून इंग्रजी एचसारखा आकार करून घेतला तर त्या बाजूला झुकत नाहीत.

बसवल्यावर गाडी उभी असताना शॅकलकडं बाजूनं बघा. ती थोडी तिरकी असावी. पूर्ण उभी किंवा उलट्या दिशेला गेली असेल तर पाट्याला लांब व्हायला जागाच उरलेली नाही. मोठ्या खड्ड्यात ती पलटते.

घुमणं का सुरू होतं

आता मूळ दुखणं. जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस वेगळे आहेत. त्या दोघांमध्ये एक छोटा शाफ्ट, तिथून पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलला एकेक प्रोपेलर, म्हणजे चाल नेणारा लांब फिरता शाफ्ट. प्रत्येकाच्या दोन टोकांना क्रॉस, म्हणजे कोनातही फिरू देणारा सांधा.

क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पलीकडचा शाफ्ट एका वेगानं फिरत नाही. प्रत्येक फेरीत दोनदा पुढं ओढला जातो, दोनदा मागं पडतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस हीच चढउतार उलटी करून पुसून टाकतो. पण त्यासाठी दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि दोन्ही योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत हवेत. दोन्हीपैकी एक चुकलं की घुमतं.

मागची शॅकल पाट्याच्या मागच्या टोकाला आहे. ती लांब केली की पाट्याचं मागचं टोक चासीपासून खाली जातं, एक्सल फिरतो आणि पिनियनचं (डिफरन्शियलमधला दांडा, ज्याला प्रोपेलर जोडतात) नाक वर बघायला लागतं. आता पिनियनजवळचा कोन कमी आणि ट्रान्सफर केसजवळचा जास्त. म्हणजे लांब शॅकलनं घुमणं जवळपास ठरलेलं आहे, आणि जितकी लांब तितकं जास्त. नवे क्रॉस टाकून ते जाणार नाही. नवे क्रॉसही त्याच कारणानं लवकर झिजतील.

कोन मोजायला आता वेगळं यंत्र लागत नाही. फोनमधलं कोन दाखवणारं फुकट अॅप पुरतं. गाडी सपाट जागी चाकांवर उभी हवी. ट्रान्सफर केसच्या मागच्या फ्लँजच्या (प्रोपेलर बोल्टनं जोडतात ती चकती) सपाट तोंडावर फोन टेकवून आकडा घ्या, मग पिनियन फ्लँजच्या तोंडावर. दोन आकड्यांत एक अंशापेक्षा जास्त फरक असेल तर पाट्याच्या आणि एक्सलच्या मधे पाचर घालावी लागेल. मागच्या एक्सलला पाचरेची जाड बाजू गाडीच्या मागं, म्हणजे पिनियनचं नाक खाली येतं. पाचर लोखंडाची करून घ्या. अॅल्युमिनियमची दाबानं चेपते आणि यू-बोल्ट सैल पडतात. तिच्यातून सेंटर बोल्टचं डोकं नीट जायला हवं, नाहीतर एक्सल जागेवर बसत नाही.

खर्च करण्याआधी तीन फुकट गोष्टी तपासा. पहिली, प्रोपेलर धुवा. मातीच्या रस्त्यावरून आल्यावर तांबड्या चिखलाचा थर शाफ्टच्या एकाच अंगाला वाळतो आणि तेवढ्यानं तोल जातो. धुतल्यावर दगडाचा पोचा दिसतो का, बॅलन्सिंगसाठी जोडलेला तुकडा निघून गेलाय का तेही दिसेल. दुसरी, दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत का बघा. कुणीतरी स्लिप जॉइंट (प्रोपेलर लांब-आखूड होऊ देणारा दातेरी सांधा) सोडून एक दात चुकवून परत घातलेला असतो. सोडण्याआधी दोन्ही भागांवर रंगाची एकच रेघ मारून ठेवली की ही चूक होत नाही. तिसरी, ट्रान्सफर केसची तिन्ही रबरं पहारीनं उचकटून बघा. ही जिप्सीची जुनी दुखरी जागा आहे. रबर फाटलेलं असेल तर क्लच सोडताना "खट्" असा आवाज येतो, आणि बाकी सगळं बरोबर असूनही गाडी घुमते.

उंची वाढल्यानं स्लिप जॉइंट बाहेर सरकतो आणि आत कमी दात अडकतात. एक्सल पूर्ण लोंबता ठेवून किती आत आहे ते बघा. कमी वाटलं तर फ्लँजच्या मधे लेथवर कातलेली गोल चकती आणि तेवढेच जास्त लांब, चांगल्या प्रतीचे बोल्ट घालता येतात.

स्टिअरिंग हलकं आणि भरकटतं

पुढं उलटं घडतं. पुढची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. ती लांब केली की एक्सल पुढं झुकतो आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागं झुकलेला कोन) कमी होतो. स्टिअरिंग आपोआप सरळ यायचं थांबतं, मोकळ्या रस्त्यावर गाडी भरकटते. इथं पाचरेची जाड बाजू गाडीच्या पुढं येते. त्यानं पुढच्या पिनियनचा कोन थोडा बिघडतो. पण फ्री व्हील हब (पुढची चाकं एक्सलच्या चालीपासून सोडवणारे) मोकळे ठेवले तर डांबरी रस्त्यावर पुढचा प्रोपेलर फिरतच नाही, त्यामुळं पुढं कॅस्टरला मान द्यावा.

खड्ड्यानंतर स्टिअरिंग हातात थरथरत राहत असेल आणि गाडी थांबवेपर्यंत थांबत नसेल, तर दोष लिफ्टवर ढकलून मोकळं होऊ नका. चाक उचलून वरून आणि खालून धरा, आत-बाहेर हलवा. खेळ असेल तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) बेअरिंग आहे. दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ तरीही राहिला तर किंगपिन. बऱ्याच गाड्यांत किंगपिन आधीच झिजलेलं असतं आणि लिफ्ट व मोठे टायर ते उघडं पाडतात. स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचा छोटा शॉक) बदलून थरथर काही दिवस दबते, इलाज होत नाही.

लिफ्टनंतर स्टिअरिंग व्हील वाकडं दिसलं तर ते व्हील काढून सरळ लावू नका. ड्रॅग लिंकची (स्टिअरिंग बॉक्सपासून चाकांकडं जाणारा दांडा) लांबी जुळवून सरळ करा, नाहीतर स्टिअरिंग बॉक्स मध्यावर राहत नाही आणि एका बाजूला वळण कमी मिळतं.

शॉक आणि ब्रेकचे पाइप

ब्रेकच्या रबरी पाइपांवर पैसे वाचवू नयेत. चासीला जॅक लावून एक्सल पूर्ण लोंबू द्या, पुढची चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा आणि प्रत्येक पाइपाला हात लावून बघा. ताणलेला असेल तर चासीवरचा त्याचा ब्रॅकेट खाली घ्या किंवा लांब पाइप टाका. शॉकचंही त्याच स्थितीत बघा. दांडा पूर्ण बाहेर येऊन अडकत असेल तर प्रत्येक खड्ड्यात एक्सलचं वजन शॉकला लटकतं, आणि तो लवकर गळतो. मोठा टायर घातला असेल तर बंप स्टॉपही (एक्सल चासीवर आदळू न देणारं रबर) तेवढा लांब करा.

हेडलाइट मात्र विसरू नका. गाडी पुढून उचलली की झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. करूळ घाटात रात्री समोरून येणाऱ्याला त्याचा काय त्रास होतो ते ठाऊक आहे.

कागदपत्रांचं

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणं आरसीतल्या, कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये भुर्दंड पडू शकतो, शिवाय कैदेची तरतूद आहे. बसलेले पाटे बदलून मूळ उंची परत आणणं ही दुरुस्ती झाली. त्यापुढं जायचं असेल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला कळवा. पंधरा वर्षांची गाडी पासिंगला न्यायची असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. एक्सलवर पाटे नेऊन चार-पाच इंच उचलण्याचा प्रकार मी कमी बजेटच्या माणसाला कधीच सुचवणार नाही. त्यात स्टिअरिंग, प्रोपेलर, ब्रेक सगळंच नव्यानं करावं लागतं आणि अर्धवट केलं तर गाडी घाटात धोक्याची होते.

टायरबद्दल एवढंच: 235 चा टायर मूळपेक्षा साधारण दहा टक्के उंच आहे. तेवढीच गिअरिंग लांब होते, चढाला गाडी मरते, आणि काटा 60 दाखवतो तेव्हा वेग 66 च्या आसपास असतो. 970 सीसीच्या इंजिनाला 215 च्या पुढं जाऊ नये.

एवढं करूनही घुमतच असेल

मग दोष कुठल्या शाफ्टात आहे ते वेगळं काढा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ज्या वेगाला घुमतं तिथं गिअर न्यूट्रल करा. आवाज तसाच राहिला तर दोष फिरणाऱ्या भागात आहे, म्हणजे प्रोपेलर किंवा टायर. प्रोपेलर चाकाच्या जवळपास चौपट वेगानं फिरतो, त्यामुळं त्याचं घुमणं बारीक आणि सलग असतं, टायरचं जाड, ठोक्याठोक्यानं. न्यूट्रल करताच आवाज गेला तर भार येताना पिनियन वर उचलला जातोय, म्हणजे यू-बोल्ट, सेंटर बोल्ट किंवा ट्रान्सफर केसची रबरं पुन्हा बघा. उभ्या गाडीत नुसतं इंजिन रेस करूनही घुमत असेल तर खालच्या कशालाच हात लावू नका, इंजिन-गिअरबॉक्सची माउंटिंग तपासा.

शेवटची खात्री अशी करता येते. चाकांना दोन्हीकडून दगड लावा, हँडब्रेकवर भरवसा ठेवू नका. मागचा प्रोपेलर दोन्ही फ्लँजवर खुणा करून काढा. हब लॉक करून, फोर व्हील घालून कच्च्या रस्त्यावर थोडं अंतर गाडी चालवा. आता चाल फक्त पुढच्या चाकांना आहे. घुमणं गेलं तर मागचा शाफ्टच दोषी. तो बॅलन्सिंगला द्या आणि नेताना स्लिप जॉइंटसकट, न सोडता द्या. तरीही घुमलं तर गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसमधला छोटा शाफ्ट काढून त्याचे दोन्ही क्रॉस हातानं फिरवून बघा. कुठंही अडखळला, दाणेदार लागला तर तो बदलायचा. हा शाफ्ट गाडीच्या पोटात लपलेला असतो म्हणून सगळ्यांत शेवटी आठवतो.